तानापिहिनिपाजा, व्हाया सांवेर रोड

माझ्या लोडमध्ये दोन तास कमी पडले, त्यातून हे सगळं घडलं.

कॉलेजातल्या मास्तराचा लोड दोन प्रकारचा. एक डोक्यावरचा, तो कधी कमी पडत नाही. दुसरा कागदावरचा. तो आठवड्याला १६ तास भरावा लागतो, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची एक तुकडीच न भरल्यामुळे माझा १४ वर आला. मी फिजिक्स शिकवतो. फिजिक्सच्या मास्तराला अशा वेळी काहीही देता येतं. मागे मला पर्यावरण मिळालं होतं, त्याआधी योग. या खेपेला प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "सर जी, आपके दो पीरियड खाली हैं. क्रिटिकल थिंकिंग ले लीजिए." उरलेले पोहे संपवून टाका म्हणावं, तसा सूर. अर्थात इंदुरात पोहे उरत नाहीत, त्यामुळे ही उपमा चालणार नाही. उपमा तर इंदुरात मुळातच फारसा चालत नाही.

घरी येऊन सांगितलं. क्रिटिकल थिंकिंगला मराठीत 'चिकित्सक विचार' म्हणतात, हेही सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, मग तुम्हाला तयारी कशाला हवी?" आमच्या घरी चिकित्सक म्हणजे ताटावर बसल्यावर भाजीतली मोहरी मोजणारा माणूस. माझी आजी कुणी जास्त प्रश्न विचारायला लागलं की 'चिकित्सा पुरे, जेव' म्हणत असे, आणि तिच्या हातची आमटी अशी होती की चिकित्सा आपोआप पुरे होई.

आमचं कॉलेज सांवेर रोडवर आहे. इंदूरहून उज्जैनला जाणारा सुमारे ५५ किलोमीटरचा जो रस्ता, तो हा. बाणगंगा मागे पडली की औद्योगिक क्षेत्र लागतं, सेक्टर ए, बी, सी करत एफपर्यंत. इथे तिखट शेव तळली जाते आणि औषधाच्या गोळ्याही बनतात. दुखणं आणि इलाज एकाच पिनकोडवर. पुढे शेतं लागतात आणि शेतांत मधूनमधून कॉलेजं उगवलेली दिसतात. सोयाबीनपेक्षा कॉलेजाला भाव जास्त येतो, हे माळव्यातल्या जमीनवाल्यांनी कुठलंही पुस्तक न वाचता ओळखलं. हा चिकित्सक विचाराचा या परिसरातला पहिला नमुना, आणि अजून तरी सर्वांत यशस्वी.

पहिल्या तासाला ४२ मुलं होती. एका गेटच्या आत आमच्याकडे इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ आणि कॉमर्स नांदतात, आणि हा कोर्स सगळ्यांना मिळून होता. मी फळ्यावर लिहिलं, 'आपण जे मानतो, ते का मानतो?' वळलो. दोन मिनिटं जाऊ दिली. फळ्यावरच्या प्रश्नाने वर्गात शांतता पसरली, असं मला वाटलं. मग मागच्या बाकावरून अत्यंत विनम्र आवाज आला, "सर, इसकी वन वीक आती है?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. तुमच्याकडे जे गाइड किंवा अपेक्षित प्रश्नसंच, ते आमच्याकडे 'वन वीक'. आठवडाभर आधी घ्यायचं, वाचायचं, लिहायचं, विसरायचं. आठवडा हा प्रकाशकाचा आशावाद आहे. प्रत्यक्षात ते आदल्या रात्री साडेदहाला उघडलं जातं.

स्टाफरूममध्ये आम्ही वन वीकला मनसोक्त नावं ठेवतो. पण याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, उज्जैनला, सांदीपनींचा आश्रम आहे, आणि श्रीकृष्णाने तिथे ६४ दिवसांत ६४ कला शिकून घेतल्या, असं भागवत सांगतं. दिवसाला एक कला. रविवारीही. पृथ्वीतलावरचा पहिला क्रॅश कोर्स आमच्या रस्त्यावर झाला. आश्रमाजवळच्या भागाला अंकपात म्हणतात; कृष्ण तिथे पाटीवरचे आकडे धुऊन टाकत असे, अशी कथा आहे. शिकलं, धुतलं, पुढे चला. सेमिस्टर पद्धत परदेशातून आली असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उज्जैनला जाऊन यावं.

दुसऱ्याच आठवड्यात मी स्वतः खजूरी बाजारात गेलो. राजवाड्याजवळचा हा आमचा पुस्तकांचा बाजार. उद्देश अर्थातच संशोधनाचा. दुकानदाराला विषय सांगितला. त्याने वर न बघता विचारलं, "सॉल्व्ड या अनसॉल्व्ड?"

हा प्रश्न मला फार खोल वाटला. मी सॉल्व्ड घेतली.

पहिल्या धड्यात व्याख्या, दुसऱ्यात वैशिष्ट्यं, तिसऱ्यात गुण-दोष. चिकित्सक विचाराचे दोष चार होते. त्यांतला पहिला 'यात वेळ जास्त लागतो', आणि चौथा 'यामुळे कुटुंबात वाद संभवतात'. चौथा मला बायकोला वाचून दाखवायचा होता. पण मग पुस्तक कुठून आणलं ते सांगावं लागलं असतं.

इथे मला माझंच एक जुनं प्रकरण काढलं पाहिजे.

माझं लहानपण रामबागेत गेलं. घर अस्सल मराठी, शाळा हिंदी. आईने मला इंद्रधनुष्याचे रंग शिकवले: तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळेत बाईंनी शिकवले: बैनीआहपीनाला. बैंगनी, नीला, आसमानी, हरा, पीला, नारंगी, लाल. नीट बघा. हे तेच धनुष्य आहे, पण एक वरून सुरू होतं आणि दुसरं खालून. पाचवीच्या परीक्षेत प्रश्न आला, 'इंद्रधनुष के रंग ऊपर से नीचे लिखो.' मी आईचं स्मरण करून तांबड्यापासून सुरुवात केली. बाईंनी लाल शाईची एक उभी रेघ मारून सातही रंग एकदम बाद केले. वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि इंदूरच्या मराठी माणसाने चार पिढ्यांत कमावलेलं सगळं शहाणपण एका वाक्यात मला दिलं: "शाळेत त्यांचं लिही, घरी आलास की आपलं म्हण."

तेव्हापासून माझ्याकडे दोन इंद्रधनुष्यं होती. शाळेत जांभळा वर, घरी तांबडा वर. रामबागेच्या कोपऱ्यावर कुठेतरी ते उलटत असणार. मी पुढे फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, प्रकाशाच्या वक्रीभवनावर पाच पानी उत्तर लिहून चांगले मार्क घेतले, आणि या सगळ्या काळात एकदाही मान वर करून आभाळात काय आहे ते पाहिलं नाही. पाऊस पडून ऊन आलं की आम्ही खाली बघून पाण्याच्या डबक्यांतून उड्या मारायचो.

आता पारव्याचंच घ्या. पारवा म्हणजे कबुतर. कबुतराचा करडा रंग इंद्रधनुष्यात काय करतो, हे आजवर एकाही मराठी मुलाने विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मीही विचारलं नव्हतं. आणि मुळात रंग सातच का? न्यूटनने आधी पाच मोजले होते. मग गाण्यातल्या सात सुरांशी जमावं म्हणून नारिंगी आणि पारवा आत घेतले. १७०४ साली त्याचं 'ऑप्टिक्स' छापून आलं, आणि तेव्हापासून दुनियेभरची मुलं सात म्हणतात. म्हणजे ज्या गृहस्थाने काचेच्या लोलकातून प्रकाश फोडून दाखवला, त्यालाही सरगम आड येत होती.

तर माझ्या ४२ मुलांना हसायचा अधिकार मला फारसा नव्हता. तरी मी हसायचा तो हसलो, विशेषतः कॉमर्सवाल्यांना. त्यांना मी विचारलं, "तुमच्या विषयात टीका करावी लागते का?" ते म्हणाले, रोज करतो सर. आणि करतात! अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात ॲडम स्मिथ येतो, १७७६. त्याच्यावर टीकेचे मुद्दे पाच. मार्शल येतो, १८९०, मुद्दे सहा. रॉबिन्स येतो, १९३२. मुद्दे पाच, त्यांतला एक 'ही व्याख्या फार व्यापक आहे' आणि दुसरा 'ही व्याख्या फार संकुचित आहे'. मुलं दोन्ही लिहितात. मार्कही दोन्हींचे मिळतात. रॉबिन्सवर टीका न केलेला बी.कॉम. माळव्यात सापडायचा नाही, आणि रॉबिन्सचं एक पान वाचलेलाही सापडायचा नाही. टीका हीसुद्धा पाठ करायची गोष्ट आहे, हे आमच्या शिक्षणाला जेवढं उमगलं आहे तेवढं इतरत्र कुठे उमगलं असेल असं वाटत नाही.

लॉवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना खटल्यांची नावं पाठ असतात, वर्षासकट. निकाल काय लागला हे साधारण ठाऊक असतं. भांडण कशावरून होतं, तिथे गडबड होते. एकाने मला गाजलेल्या खटल्याची पूर्ण हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "सर, बस ये याद नहीं कि जीता कौन."

इंजिनिअरिंगबद्दल मी बोलणार नाही, त्यात माझाच हात आहे.

आणि आम्हा मास्तरांचं काय? अलीकडे प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे एक चौकट असते. बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९५६ मध्ये विचाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. सर्वांत खाली नुसतं आठवणं, मग समजणं, वापरणं, विश्लेषण वगैरे चढत जायचं. तुमचा प्रश्न कितव्या पायरीवर आहे ते त्या चौकटीत लिहायचं. तपासणी समिती येते तेव्हा ती चौकट बघते. माझे सगळे प्रश्न तळमजल्यावर होते. एका अनुभवी सहकाऱ्याने मला बाजूला घेतलं. 'व्याख्या लिहा' खोडून त्याने 'विश्लेषण करा' असं केलं आणि म्हणाला, "लो, हो गया लेवल फोर." उत्तर तेच, मार्क तेवढेच, मुलगा तोच. तीन मजले आम्ही लिफ्टने चढलो. त्या सहाही पायऱ्या ओळीने कशा लक्षात ठेवायच्या, याचं एक सूत्रही स्टाफरूममध्ये फिरतं. मी ते पाठ केलंय.

मग इंटर्नल परीक्षा झाली. प्रश्न मीच काढला, लेवल फाइव्हचा: 'चिकित्सक विचाराची व्याख्या देऊन त्याच्या वैशिष्ट्यांचे आलोचनात्मक विवेचन करा. गुण १०.' रविवारी दुपारी गठ्ठा सोडला. पहिल्या पेपरात व्याख्या, सात वैशिष्ट्यं, चार दोष. दुसऱ्यात व्याख्या, सात वैशिष्ट्यं, चार दोष. दहाव्या पेपरापर्यंत मला 'यामुळे कुटुंबात वाद संभवतात' पाठ झालं. एकाने 'स्वतंत्र विचार करतो' हे वैशिष्ट्य लिहिताना पुस्तकातली छपाईची चूकही जशीच्या तशी उतरवली होती: 'स्वतंत्र विकार'.

४१ पेपर असे. बेचाळिसावा सांवेरच्या एका मुलीचा होता, फार्मसीच्या. तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. 'सर, तुम्ही शिकवलंत की कुणाचंही म्हणणं तपासल्याशिवाय मानू नका. पण हे म्हणणंही तुमचंच आहे. ते कसं तपासायचं ते सांगितलं नाही. म्हणून व्याख्या लिहिलेली नाही.'

मी पेपर बाजूला ठेवला. चहा केला. पुन्हा वाचला. मग मार्किंग स्कीम काढली. व्याख्येला २, वैशिष्ट्यांना ५, दोषांना ३. व्याख्या नाही, वैशिष्ट्य एकही नाही. दोष मात्र तिने दाखवला होता, माझा. १० पैकी ३ दिले. ४१ जणांना ८ आणि ९ देणारा हाच हात.

दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा घेऊन निघालो आणि लवकुश चौकात अडकलो. तिथे तेव्हा पुलाचं काम चाललेलं होतं, त्यामुळे विचाराला वेळ मिळाला. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी या चौकाला लव-कुशांचं नाव आहे, याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. ही मुलं म्हणजे पाठांतराचा कळस. रामायणाचे श्लोक २४ हजार आहेत म्हणतात, ते ही दोघं तालासुरात गात हिंडली. आणि हीच मुलं! भवभूतीच्या नाटकात अश्वमेधाचा घोडा येतो, सोबत सैन्य आहे, अडवायची कुणाची छाती नाही, आणि लव विचारतो, का म्हणून सोडायचा? २४ हजार श्लोक तोंडपाठ असणाऱ्याच्या डोक्यात 'का' उरलाच कसा, हे आमच्या शिक्षणशास्त्रात बसत नाही. आमच्याकडे एक तर रट्टू असतो, नाही तर टवाळ.

याच 'उत्तररामचरिता'त आत्रेयी नावाची एक विद्यार्थिनी आहे. ती वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्यांकडे शिकायला निघाली आहे. वाटेत वनदेवता विचारते, का गं? ती कारणं देते दोन. एक, वर्गात ही जुळी मुलं इतकी तल्लख आहेत की त्यांच्याबरोबर टिकाव लागत नाही. दुसरं, सर स्वतःचं पुस्तक लिहिण्यात गढलेत. आठव्या शतकातला विदर्भाचा कवी हे लिहून गेलाय, आणि कॉलेज बदलण्याच्या अर्जात आजही याहून तिसरं कारण मी वाचलेलं नाही.

पूल काही त्या दिवशी पुरा झाला नाही, पण माझं ठरलं. मुलांना कुठेतरी न्यायचं. वर्गात विचार होत नसेल तर बाहेर होईल. प्राचार्य म्हणाले, "बस का डीज़ल?" मी म्हटलं, औद्योगिक भेट म्हणून दाखवू. फाइलला फोटो मिळतील. फोटो म्हटल्यावर डिझेल मंजूर झालं.

बस अरबिंदो हॉस्पिटलवरून गेली तेव्हा स्टॉपवर पांढऱ्या कोटातली दोन मुलं पुटपुटत उभी होती. मनगटाची आठ हाडं, डोक्यातल्या बारा नसा. यांची सूत्रं मेडिकलच्या मुलांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत आणि त्यांतली बहुतेक या मासिकात छापता येणार नाहीत. २०२२ मध्ये भोपाळला एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तकं निघाली, तरी शब्द बरेचसे तेच राहिले, फक्त देवनागरीत. चावट सूत्रं वाचली. आणि खरं सांगतो, रात्री तीन वाजता माझं पोट उघडलं असताना सर्जनने 'धमनी इथेच असते असं आपण का मानतो?' हा विचार करू नये. त्याला पाठ असावं. माझे आजोबा मंडीत मुनीम होते. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, सगळं तोंडावर. साडेतीन रुपये भावाने २८ नग म्हटलं की समोरचा पेन्सिल शोधेपर्यंत ते ९८ म्हणून मोकळे. त्यांना कुणी लबाडीचा हिशेब दाखवला, तर तो लबाडीचा आहे हे त्यांना कसं कळायचं? औटकी पाठ होती म्हणून. चिकित्सेला काहीतरी खिशात असावं लागतं. रिकाम्या खिशाच्या चिकित्सेला आजीच्या आमटीपुढे टिकाव नाही.

औषधाच्या कारखान्यात आम्हाला टोप्या, मास्क, बुटांवर पिशव्या चढवल्या. क्वालिटीचे साहेब देवासचे मराठी निघाले. मी कौतुकाने सांगितलं, ही चिकित्सक विचाराची तुकडी. ते दचकले. "सर, ते इथे नको. इथे लिहिलंय ते करायचं आणि केलंय ते लिहायचं. पन्नास ग्रॅम म्हणजे पन्नास. विचार करून साठ टाकणारा आम्हाला परवडत नाही." मग थोडं मऊ होऊन म्हणाले, "बिघाड झाला की मात्र कापा असतो." मुलं घाबरली. कापा म्हणजे करेक्टिव्ह ॲण्ड प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन. काय चुकलं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून काय करणार, हे लिहून काढायचं. सगळ्या औषध कारखान्यांत असतं. मराठी माणसाला मात्र ते ऐकताना मान आत घ्यावीशी वाटते.

साहेबांनी विचारलं, गोळीचं कॅपिंग का होतं? कॅपिंग म्हणजे गोळीची वरची चकती टोपीसारखी सुटून येते. फार्मसीची मुलं उसळलीच. दाणे फार कोरडे, भुकटी जास्त, आत हवा अडकली, दाब जास्त, मशीनचा वेग जास्त. पाच कारणं, एका सुरात, बैनीआहपीनालाच्या चालीवर. साहेब खूश. त्यांनी खिशातून एक पुडी काढली, तिच्यातली टोपी उडालेली गोळी एकाच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "मग ही का फुटली?"

मुलगा गोळीकडे बघत राहिला. पाठमोरी करून बघितली. शेवटी म्हणाला, "सर, ऑप्शन?"

हे ऐकून मला फिजिक्सवाला रिचर्ड फाइनमन आठवला. तो ब्राझीलला शिकवायला गेला होता, १९५०च्या आसपास. तिथल्या मुलांना प्रकाशाच्या ध्रुवीभवनाचा नियम कोनासकट पाठ. त्याने पोलरॉइडचा तुकडा हातात देऊन खिडकीबाहेरचा समुद्र दाखवला, तर पाण्यावरून येणारा उजेड म्हणजे तोच पाठ केलेला उजेड, हे कुणाच्या ध्यानात येईना. मी ही गोष्ट वर्गात दोनदा सांगितली आहे. दोन्ही वेळा मुलांनी 'ब्राझील' लिहून घेतलं.

तेवढ्यात ती सांवेरची मुलगी पुढे आली. तिला गोळीत रस नव्हता. तिने विचारलं, "सर, अशी किती गोळ्यांमागे एक येते?"

साहेबांनी मास्क खाली केला. म्हणाले, हा प्रश्न आमचा ऑपरेटर विचारतो. मशीन फिरती, गोळ्या दाबणाऱ्या २७ पंचांची. फुटलेल्या गोळ्या कशाही, कुठेही येत असतील तर दोष मालात. दर सत्ताविसावी फुटत असेल तर माल ठीक आहे, एक पंच झिजलाय, तो काढा. त्या ऑपरेटरने शाळा आठवीत सोडली होती, पण २७ हा आकडा त्याला पाठ होता. मुलांनी पटापट लिहून घेतलं: 'कॅपिंगचं सहावं कारण, २७.'

मी त्या मुलीकडे बघायचं टाळलं. तिचे तीन मार्क माझ्या खिशात टोचत होते.

परतायच्या आधी मुलांनी आग्रह धरला म्हणून सांवेरला गेलो. तिथे हनुमानाचं जे देऊळ आहे, त्यात मूर्ती उलटी आहे. डोकं खाली. शेंदूर लावलेला मुखवटा, मुकुट जमिनीकडे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेलं, तेव्हा हनुमानाने इथूनच खाली उडी घेतली, म्हणून तो असा. मुलांनी हात जोडले आणि मग, मी बघत होतो, एकेकाची मान हळूहळू तिरपी झाली. दर्शन घ्यायचं तर आपण फिरायचं. देव फिरणार नाही. लॉचा एक मुलगा कमरेतून वाकून, स्वतःच्या पायांमधून बघत होता. पुजारी त्याच्यावर ओरडला. मला वाटतं, अख्ख्या सेमिस्टरमध्ये केलेला तो एकमेव प्रयोग होता.

बाहेर पडलो आणि माळव्यातला पाऊस आला, दहा मिनिटं, बादलीने ओतावा तसा. बस इंदूरकडे निघाली तेव्हा उजवीकडून ऊन आलं होतं. साडेपाच झाले असतील. कुणीतरी डावीकडून किंचाळलं. सगळी बस त्या बाजूला कलली. ड्रायव्हरने शिवी दिली.

सोयाबीनच्या शेतांवर इंद्रधनुष्य होतं. आणि त्याच्या वर, थोडं फिकट, आणखी एक.

मी पाचवीनंतर पहिल्यांदा रंग मोजले. खालच्यात वर तांबडा, खाली जांभळा. तानापिहिनिपाजा. आई बरोबर होती. वरच्यात? वर जांभळा, खाली तांबडा. बैनीआहपीनाला. बाईही बरोबर होत्या, फक्त त्या वरच्या मजल्यावरच्या. बत्तीस मार्कांच्या त्या पेपरावरची लाल रेघ मी इतकी वर्षं जपली होती. ती कुठे ठेवावी ते मला कळेना. मुलं ओरडत होती, कुणी वरून, कुणी खालून.

"सर, ऊपर वाला उल्टा क्यों है?" लॉवाल्याने विचारलं. हे मला येत होतं. मी बसच्या मधल्या दांड्याला धरून उभा राहिलो आणि सांगितलं: खालच्यात प्रकाश थेंबात एकदा उलटतो, वरच्यात दोनदा, म्हणून क्रम फिरतो, खालचा ४२ अंशांवर, वरचा ५१ वर. पाच पानी उत्तर मी अडीच मिनिटांत म्हटलं, एकही अडखळ न घेता. बसने टाळ्या वाजवल्या.

ती मुलगी खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती. तिने वळून विचारलं, "सर, आणि दोन्हींच्या मधे आभाळ एवढं काळं का आहे?"

मी पाहिलं. खरंच, दोन धनुष्यांच्या मधला पट्टा बाकी आभाळापेक्षा काळपट होता. कुणीतरी ओला हात फिरवून पुसल्यासारखा. मी एम.एस्सी. आहे. मला त्याचं नाव माहीत होतं.

"त्याला अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात," मी म्हणालो.

"हो, पण का?"

तोवर ४१ वह्या उघडल्या होत्या. पुढच्या सीटवरून आवाज आला, "सर, स्पेलिंग?"

मी तिच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग वह्यांकडे. आणि सांगायला लागलो. ए, एल, ई, एक्स...